मागे पडलेल्या घोड्यांची साक्ष

२०१३ च्या जानेवारीत दोन दिवंगत घोड्यांचे गुण कापले गेले. एक शरगार, दुसरा डान्सिंग ब्रेव्ह. शरगारने १९८१ ची एप्सम डर्बी दहा लांब्यांनी जिंकली होती. दोन वर्षांनी, १९८३ च्या फेब्रुवारीत, आयर्लंडमधल्या बॅलीमनी स्टडवरून बंदूकधाऱ्यांनी त्याला पळवून नेलं आणि तो पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला नाही. डान्सिंग ब्रेव्ह १९८६ मध्ये पॅरिसच्या लाँगशाँवर 'आर्क' ही युरोपातली सर्वांत मानाची शर्यत मागून येऊन जिंकला, पुढे पैदाशीसाठी जपानला गेला आणि १९९९ मध्ये तिथेच वारला. या दोघांना आंतरराष्ट्रीय क्रमवारीत अनुक्रमे १४० आणि १४१ गुण होते. २०१३ मध्ये त्यांचे १३६ आणि १३८ झाले. १९७७ साली ही क्रमवारी सुरू झाली तेव्हापासूनचे आकडे हँडिकॅपरांनी, म्हणजे घोड्यांची कुवत जोखून गुण आणि पाठीवरचं वजन ठरवणाऱ्यांनी, पुन्हा तपासले होते. जुन्या वर्षांतले गुण सैल हाताने दिले गेले होते, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. योगायोग असा, की नुकताच निवृत्त झालेला इंग्लंडचा फ्रँकेल १४० वर होता. जुने घोडे खाली उतरले आणि तो यादीत एकटा वर राहिला.

या फेरतपासणीला शास्त्रीय आधार होता हे मान्य. तरी सत्तावीस वर्षांपूर्वी धावून गेलेल्या घोड्याचे तीन गुण कमी करता येतात, यावरून त्या गुणांचा पाया किती भक्कम असेल याचा अंदाज येतो.

वेगवेगळ्या दशकांतल्या घोड्यांची तुलना हा रेसच्या शौकिनांचा जुना खेळ आहे. अमेरिकेत मॅन ओ' वॉर की सेक्रेटेरिएट, इंग्लंडात ब्रिगेडियर जेरार्ड की फ्रँकेल, महालक्ष्मीवर स्क्वाँडरर की इल्युसिव्ह पिम्परनेल. हे वाद मिटत नाहीत, कारण प्रत्येकाच्या हातात वेगळा गज असतो. कोणी सेकंद मोजतो, कोणी अंतर, कोणी पाठीवरचं वजन, तर कोणी नुसता 'अपराजित' हा शब्द. माझं मत असं, की विजेत्याकडे बघून विजेता कळत नाही. त्याच्यामागे कोण होता, तो त्याआधी आणि त्यानंतर काय करत होता, हे पाहावं लागतं.

आधी गुणांची भानगड समजून घेऊ. हे गुण पौंडांत असतात. समजा दोन घोडे पाठीवर सारखं वजन घेऊन एक मैल धावले आणि पहिला तीन लांब्यांनी जिंकला. लांबी म्हणजे नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतचा एक घोडा, साधारण आठ फूट. मैलाच्या शर्यतीत एक लांबी म्हणजे ढोबळमानाने दोन पौंड, असा हँडिकॅपरांचा हिशेब. म्हणजे पहिला दुसऱ्यापेक्षा सहा पौंडांनी सरस. त्याच्या पाठीवर सहा पौंड जास्त टाकले असते तर दोघे बरोबरीने आले असते. पण दुसरा मुळात किती चांगला? ते ठरतं तो ज्या तिसऱ्याला हरवून आला त्यावरून, आणि तिसऱ्याचं चौथ्यावरून. ही साखळी खाली कुठे तळाला टेकलेली नाही. या वर्षीचे आकडे गेल्या वर्षीच्या आकड्यांना बांधलेले, ते त्याच्या आदल्या वर्षीच्या. दर वर्षी अर्धा पौंड जरी सरकला, तरी तीस वर्षांत सगळी पट्टी वर किंवा खाली गेलेली असते. २०१३ मध्ये हेच दुरुस्त केलं गेलं.

इंग्लंडात फिल बुल यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेली टाइमफॉर्म ही खासगी संस्था स्वतःचे वेगळे गुण देते. तिच्या सार्वकालिक यादीत फ्रँकेल १४७, फ्रान्सचा सी-बर्ड १४५, ब्रिगेडियर जेरार्ड आणि ट्यूडर मिन्स्ट्रेल प्रत्येकी १४४. सी-बर्डने १९६५ मध्ये डर्बी आणि आर्क दोन्ही मारल्या, त्याबद्दल वाद नाही. ट्यूडर मिन्स्ट्रेलबद्दल मात्र बोलावं लागेल, कारण त्याच्या गोष्टीत बडोद्याचे गायकवाड येतात. तिकडे नंतर वळू.

घड्याळाचं काय? घड्याळाला तरी दशकाशी देणंघेणं नसावं, असं वाटतं. एप्समची डर्बी घ्या. चढ, उतार आणि टॅटनहॅम कॉर्नरचं डावं वळण असलेली दीड मैलाची ही धावपट्टी दोनशे वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. १९३६ मध्ये आगाखानांच्या महमूदने इथे २ मिनिटं ३३.८ सेकंदांचा विक्रम केला, तो एकोणसाठ वर्षं टिकला. १९९५ मध्ये लॅमतारा आला, २०१० मध्ये वर्कफोर्स. वर्कफोर्सची वेळ २ मिनिटं ३१.३३ सेकंद. आणि शरगारची? २ मिनिटं ४४.२१ सेकंद. तेरा सेकंदांचा फरक म्हणजे साठ-सत्तर लांब्या. घड्याळावर विश्वास ठेवायचा, तर शरगार वर्कफोर्सच्या धुळीतही दिसला नसता. असं कोणीही शहाणा माणूस म्हणत नाही. शरगारच्या दिवशी जमीन पावसाने मऊ झालेली होती, आणि शेवटच्या टप्प्यात एकोणीस वर्षांच्या वॉल्टर स्विनबर्नने त्याला जवळजवळ चालवत आणलं. वर्कफोर्सला टणक, वेगवान हिरवळ मिळाली. तो त्याच वर्षी आर्कही जिंकला, पण मधल्या किंग जॉर्ज शर्यतीत सहा घोड्यांत पाचवा आला होता.

घड्याळ स्वतःही चुकतं. १९७३ च्या प्रीकनेस शर्यतीत सेक्रेटेरिएटची वेळ आधी १ मिनिट ५५ सेकंद जाहीर झाली, मग ती १:५४ आणि दोन पंचमांश झाली, आणि चित्रफितींवरून पुन्हा मोजून २०१२ मध्ये ती १:५३ ठरवली गेली. विक्रम मान्य व्हायला एकोणचाळीस वर्षं लागली.

त्याहून मागे गेलं तर घोड्याइतकाच जॉकीही बदललेला दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत इंग्लंडातले जॉकी रिकिबी लांब सोडून, ताठ बसून दौडत. अमेरिकन जॉकी टॉड स्लोन १८९७ मध्ये तिकडे गेला तो आखूड रिकिबींवर गुडघे दुमडून, घोड्याच्या मानेवर ओणवा होऊन. लोकांनी आधी त्याला माकड म्हणून हिणवलं, मग सगळेच तसे बसू लागले. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याचं गणित मांडलं. प्रत्येक ढांगेत घोड्याचं अंग पुढेमागे हिंदकळतं. ताठ बसलेल्या स्वाराचं शरीरही त्याबरोबर हिंदकळतं आणि ते ढकलण्याची मेहनत घोड्याला पडते. ओणवा जॉकी आपल्या पायांत ते हेलकावे जिरवतो. घोड्याला त्याचं वजन पेलावं लागतं, पण ढकलावं लागत नाही. ही बैठक रुळली त्या काळात शर्यतींच्या वेळा पाच ते सात टक्क्यांनी घटल्या. हंगेरीची किन्सेम ही घोडी १८७० च्या दशकात चौपन्नपैकी चौपन्न शर्यती जिंकली, त्या सगळ्या ताठ बसणाऱ्या स्वारांना पाठीवर घेऊन. तिच्या वेळांची आजच्या वेळांशी तुलना करणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय.

घोडे मुळात जलद होत चाललेत का, यावर शास्त्रज्ञांतही एकमत नाही. स्टॅनफर्डचे मार्क डेनी यांनी २००८ मध्ये दाखवलं, की अमेरिकेच्या तीन मोठ्या शर्यतींतला विजेत्यांचा वेग विसाव्या शतकाच्या मध्यानंतर, उशिरात उशिरा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, जवळपास थांबला आहे. २०१५ मध्ये एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या शर्यतींच्या लाखो वेळा तपासल्या आणि घोडे अजूनही जलद होत आहेत, विशेषतः कमी अंतरावर, असं सांगितलं. एकाने फक्त मोठ्या शर्यती पाहिल्या, दुसऱ्यांनी सगळ्या. दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

आता अंतराकडे येऊ. मॅन ओ' वॉरच्या नावावर शंभर लांब्यांचा विजय आहे. १९२० सालची लॉरेन्स रिअलायझेशन. ऐकायला अफाट, पण त्या दिवशी समोर हूडविंक नावाचा एकच घोडा होता, तोही शर्यत निव्वळ एकट्याची फेरी होऊ नये म्हणून उतरवलेला. त्याच वर्षीची बेलमाँट तो वीस लांब्यांनी जिंकला. तिथेही प्रतिस्पर्धी एकच, डोनाकोना. शिवाय तेव्हा बेलमाँटचं अंतर सेक्रेटेरिएटच्या काळापेक्षा एक फर्लांग कमी होतं आणि घोडे उजवीकडून वळत. डावीकडून वळण्याची आजची रीत तिथे १९२१ मध्ये आली. एकाच नावाच्या दोन शर्यती असल्या, तरी मॅन ओ' वॉर आणि सेक्रेटेरिएट एका अर्थाने एकाच शर्यतीत धावलेच नाहीत.

मॅन ओ' वॉर १९१७ चा. त्या साली सगळ्या अमेरिकेत थरोब्रेड शिंगरं जन्मली दोन हजारांहून कमी. सेक्रेटेरिएटच्या, म्हणजे १९७० च्या पिढीत ती सुमारे चोवीस हजार होती. बारा पट मोठ्या गर्दीतून वर येणं वेगळं, असा मुद्दा सेक्रेटेरिएटवाले मांडतात, आणि त्यात वजन आहे.

पण मॅन ओ' वॉरला शंभर लांब्यांवरून मोजणाऱ्यांनी त्याच्यावर अन्यायच केला. त्याची खरी ताकद दिसते ती दोन अटीतटीच्या शर्यतींत. पहिली १३ ऑगस्ट १९१९ ची सॅराटोगावरची सॅनफर्ड मेमोरियल, एकवीस शर्यतींतली त्याची एकमेव हार. पाठीवर १३० पौंड, म्हणजे ५९ किलो, तेही दोन वर्षांच्या पोराच्या. जिंकणाऱ्या अपसेटवर ११५. तेव्हा सुटण्याचे दरवाजे नव्हते. आडवी पट्टी वर गेली की धावायचं. पट्टी उठली तेव्हा मॅन ओ' वॉर नीट उभाही नव्हता. पुढे तो कोंडला गेला, बाहेरून वाट काढत आला आणि अर्ध्या लांबीने हरला. अपसेटशी त्याची आणखी सहा वेळा गाठ पडली आणि सहाही वेळा अपसेट मागे राहिला. दुसरी शर्यत १९२० ची ड्वायर, अ‍ॅक्विडक्टवर. जॉन पी. ग्रियर नावाच्या घोड्यावर फक्त १०८ पौंड होते, मॅन ओ' वॉरवर १२६. सरळ पट्ट्यात ग्रियर त्याच्या खांद्याला खांदा लावून धावला, क्षणभर पुढे गेल्यासारखाही वाटला. मॅन ओ' वॉर दीड लांबीने जिंकला आणि सव्वा मैलाला एक फर्लांग कमी अशा त्या अंतरावर अमेरिकेचा नवा विक्रम झाला. अठरा पौंड जादा घेऊन, दमवणाऱ्या घोड्यासमोर दीड लांबी. मला ती हूडविंकसमोरच्या शंभरांपेक्षा मोठी वाटते.

वजनाचा विषय निघाला म्हणून फार लॅपही आठवायला हवा. न्यूझीलंडमध्ये जन्मलेला आणि १६० गिनींना विकला गेलेला हा घोडा १९३० ची मेलबर्न कप १३८ पौंड घेऊन जिंकला. पुढच्या वर्षी हँडिकॅपरने त्याच्यावर १५० पौंड, म्हणजे ६८ किलो लादले. तो आठवा आला. जिंकलेल्या व्हाइट नोजवर ९६ पौंड होते. चोवीस किलोंच्या या तफावतीतला आठवा क्रमांक निकालपत्रात फक्त 'आठवा' म्हणून दिसतो, आणि नुसते विजय मोजणारे तो त्याच्या खात्यात हार म्हणून मांडतात. १९३२ मध्ये मेक्सिकोतली मोठी शर्यत जिंकून तो कॅलिफोर्नियात गेला आणि दोन आठवड्यांच्या आसपास अचानक मेला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी त्याला वाटून घेतलं. कातडं मेलबर्नच्या संग्रहालयात, सांगाडा वेलिंग्टनला, आणि ६.२ किलोंचं हृदय कॅनबेराला.

हृदयावरून सेक्रेटेरिएटकडे जाता येतं. १९८९ मध्ये तो गेला तेव्हा शवविच्छेदन करणाऱ्या डॉ. थॉमस स्वर्झेक यांनी त्याच्या हृदयाचं वजन बावीस पौंड असावं असा अंदाज केला. साधारण थरोब्रेडच्या दुपटीहून जास्त. हा आकडा सगळीकडे छापला जातो, पण ते हृदय तराजूत कधी घातलंच गेलं नव्हतं. पुढे त्यांनीच शॅम या घोड्याचं हृदय प्रत्यक्ष तोललं, ते अठरा पौंड भरलं.

हा शॅम म्हणजे या सगळ्या वादातला माझा सर्वांत आवडता साक्षीदार. ५ मे १९७३, केंटकी डर्बी, सव्वा मैल. दोनच आठवड्यांपूर्वी वुड मेमोरियलमध्ये सेक्रेटेरिएट तिसरा आला होता आणि शॅम त्याच्या पुढे दुसरा. डर्बीत सेक्रेटेरिएट सुरुवातीला सगळ्यांत मागे पडला. मग त्याने पाव-पाव मैलाचे पाच टप्पे असे घेतले: २५.२ सेकंद, २४, २३.८, २३.४ आणि २३. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा जलद. घोडा शर्यतीच्या शेवटाकडे दमत जातो, आणि जो सगळ्यांत कमी दमतो तो जिंकतो. शेवटच्या धावेत तो 'सुसाट आला' असं आपल्याला वाटतं, तेव्हाही बहुतेक वेळा तो फक्त इतरांपेक्षा कमी मंदावलेला असतो. इथे सव्वा मैलाच्या अखेरीस घोड्याचा वेग खरोखर वाढत होता. एकूण वेळ १ मिनिट ५९.४ सेकंद. आजतागायत तो विक्रम मोडलेला नाही. त्यानंतर दोन मिनिटांच्या आत ही डर्बी जिंकणारा घोडा एकच, २००१ चा मोनार्कोस.

आणि शॅम? तो अडीच लांब्यांनी दुसरा आला. म्हणजे त्याने स्वतःही दोन मिनिटांच्या आत अंतर कापलं होतं. डर्बीच्या इतिहासातल्या जवळपास कोणत्याही वर्षी या धावेने तो विजेता ठरला असता. एवढ्या घोड्याला मागून येऊन, वेग वाढवत अडीच लांब्यांनी मागे टाकणं, हे माझ्या मते सेक्रेटेरिएटचं सर्वांत मोठं काम.

बहुतेक जण मात्र ९ जूनच्या बेलमाँटचं नाव घेतील. दीड मैल, पाच घोडे. पहिले सहा फर्लांग शॅम आणि सेक्रेटेरिएट जोडीने १ मिनिट ०९.८ सेकंदांत धावले. दीड मैलाच्या शर्यतीला हा वेग आत्मघातकी होता. शॅमने त्याची किंमत मोजली; तो शेवटचा आला आणि पुढे सरावात पायाचं हाड मोडून कायमचा थांबला. सेक्रेटेरिएट तसाच पळत राहिला. एकतीस लांब्या, २ मिनिटं २४ सेकंद. आधीचा विक्रम २:२६.६ होता. त्यानंतरच्या अर्ध्या शतकात ईझी गोअर आणि ए. पी. इंडी यांनी २:२६ पर्यंत मजल मारली, पुढे कोणीच नाही. जॉकी रॉन टर्कॉट शेवटच्या टप्प्यात मान वळवून मैदानातल्या घड्याळाकडे पाहतोय, असं छायाचित्र आहे. मागे पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्याच्यावर पैसे लावलेल्यांनी जिंकलेली ५,६१७ तिकिटं वटवलीच नाहीत, आठवण म्हणून ठेवली. दोन डॉलरला दोन डॉलर वीस सेंट मिळणार होते, तेव्हा त्याग काही फार मोठा नव्हता.

घड्याळाच्या बाजूने ही बेलमाँट अजोड आहे, हे मी नाकारत नाही. पण एकतीस लांब्या त्या दुसऱ्या क्रमांकावरच्या ट्वाइस अ प्रिन्सपासून मोजल्या आहेत, आणि तो काही शॅम नव्हता. अंतर वाढलं त्यात सेक्रेटेरिएटच्या दमाइतकाच शॅमच्या कोसळण्याचाही वाटा होता.

सेक्रेटेरिएटच्या हारी त्याच्या चाहत्यांना अडचणीच्या वाटतात. त्याच उन्हाळ्यात सॅराटोगावर ओनियन नावाच्या घोड्याने त्याला हरवलं, शरद ऋतूत प्रूव्ह आउटने. दोन्ही घोडे अ‍ॅलन जर्केन्स या एकाच ट्रेनरचे. दोन्ही हारींच्या मधे मार्लबरो कपमध्ये मात्र त्याने आपल्याहून वयाने मोठ्या घोड्यांना मागे टाकलं, त्यात आदल्या वर्षीची केंटकी डर्बी आणि बेलमाँट जिंकलेला, त्याच्याच तबेल्यातला रिव्हा रिज होता. मॅन ओ' वॉरला वयाने मोठा अव्वल घोडा भेटला तो अखेरच्या शर्यतीत, सर बार्टन, आणि त्याचे पाय तेव्हा दुखरे होते.

आता बडोदा. १९४५ मध्ये महाराजा प्रतापसिंह गायकवाड यांनी इंग्लंडच्या लिलावात वर्षाचं एक शिंगरू २८,००० गिनींना घेतलं. तोवर तिथे इतकी बोली कोणी लावलेली नव्हती. त्या वर्षीची डर्बी जिंकलेल्या दांतेचा हा सख्खा भाऊ. त्याचं नाव ठेवलं सयाजीराव. १९४७ मध्ये न्यूमार्केटच्या सरळ मैलावर टू थाउजंड गिनीज शर्यत झाली. ट्यूडर मिन्स्ट्रेलने ती आठ लांब्यांनी मारली, सयाजीराव तिसरा. इंग्लंडभर ट्यूडर मिन्स्ट्रेलचा जयघोष झाला. टाइमफॉर्मचे ते १४४ याच कामगिरीचं फळ. काही आठवड्यांनी डर्बी आली. अंतर दीड मैल. ट्यूडर मिन्स्ट्रेल प्रचंड फेव्हरिट, वर गॉर्डन रिचर्ड्ससारखा जॉकी. घोडा लगामाशी झगडत राहिला, शेवटी त्याचा दम संपला आणि तो चौथा आला. त्याच्या पुढे तिसरा होता सयाजीराव. पुढे सयाजीरावने आयरिश डर्बी जिंकली आणि त्याहूनही लांब पल्ल्याची सेंट लेजरही.

मैलावर आठ लांब्यांहून जास्त मागे असलेला घोडा दीड मैलावर पुढे. मग यातला थोर कोण? २०१० मध्ये डब्लिनच्या एमेलिन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायूंची वाढ ठरवणाऱ्या एका जनुकाची रूपं शोधली. त्या रूपांवरून घोडा कमी पल्ल्याचा, मधल्या की लांब, याचा बराच अंदाज बांधता येतो. ट्यूडर मिन्स्ट्रेलची शरीररचनाच मैलाची होती, असं आज म्हणता येईल. त्याला १४४ देताना 'मैलावर' हा शब्द शेजारी लिहायला हवा. सार्वकालिक याद्यांत तो शब्द गळून पडतो, आणि ऑस्ट्रेलियाच्या पंचवीसपैकी पंचवीस शर्यती जिंकलेल्या ब्लॅक कॅव्हियारसारखी सहा फर्लांगांची राणी दीड मैलाच्या घोड्यांशेजारी उभी केली जाते.

याच प्रतापसिंह महाराजांनी युद्धानंतर न्यूमार्केटमध्ये वॉरन प्लेस ही पागा विकत घेतली होती. पुढे ती नोएल मर्लेस यांच्याकडे आणि त्यांच्यानंतर त्यांचे जावई हेन्री सेसिल यांच्याकडे आली. एकेकाळी बडोद्याच्या मालकीच्या असलेल्या त्या आवारातच सेसिल यांनी फ्रँकेल तयार केला.

फ्रँकेल चौदापैकी चौदा जिंकला. त्याच्यावरचे आक्षेप ठरलेले आहेत: ब्रिटनबाहेर धावला नाही, सव्वा मैलाच्या फारसा पुढे गेला नाही. दोन्ही खरे. पण त्याच्या बाजूने एक साक्षीदार असा आहे, जो क्वचितच कोणाला मिळतो. एक्सेलेब्रेशन. हा घोडा पाच वेळा फ्रँकेलसमोर उभा राहिला आणि पाचही वेळा हरला. २०१२ मध्ये रॉयल अ‍ॅस्कटच्या क्वीन अ‍ॅन शर्यतीत तर अकरा लांब्यांनी. फ्रँकेल नसताना हाच एक्सेलेब्रेशन काय करत होता? २०११ मध्ये लाँगशाँवर प्री द्यू मूलां, २०१२ मध्ये दोव्हीलला जॅक ल माऱ्वा आणि त्याच शरदात अ‍ॅस्कटला क्वीन एलिझाबेथ, तिन्ही पहिल्या दर्जाच्या शर्यती जिंकत होता. दोन वर्षांत, वेगवेगळ्या जमिनींवर, वेगवेगळ्या गटांत पुन्हा पुन्हा तपासून घेतलेला घोडा. त्याच्यासमोरच्या अकरा लांब्या म्हणजे मोजमापाला मिळालेली दुर्मीळ पक्की जमीन. टाइमफॉर्मचे १४७ तिच्यावर उभे आहेत, म्हणून ते मला पटतात.

गंमत अशी, की फ्रँकेल आणि सेक्रेटेरिएट नात्यातलेच आहेत. इटलीच्या फेदेरिको तेझिओ यांनी पैदास केलेला, १९३५ चा नेआर्को चौदा शर्यतींत अपराजित राहिला. त्याचा मुलगा नासरुल्ला, त्याचा बोल्ड रूलर, त्याचा सेक्रेटेरिएट. दुसऱ्या शाखेत नेआर्क्टिक, नॉर्दर्न डान्सर, सॅडलर्स वेल्स, गॅलिलिओ आणि फ्रँकेल. आणखी मागे गेलं तर आजच्या जवळजवळ सगळ्या थरोब्रेड नरांचा पितृवंश अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात आणलेल्या डार्ली अरेबियन या एका घोड्याशी जाऊन मिळतो. इतक्या जवळच्या भाऊबंदांत दोन-तीन पौंडांवरून भांडणं होतात.

अलीकडे घोडे कमी धावतात, त्यामुळे साक्षीदारच कमी होत चाललेत, आणि त्याला कारण पैसा आहे. १९४८ मध्ये सायटेशन एका वर्षात वीस वेळा धावला आणि एकोणीस वेळा जिंकला. खच्ची केलेला केल्सो पैदाशीच्या कामाचा नव्हता, म्हणून तो त्रेसष्ट शर्यती धावला आणि १९६० ते १९६४ सलग पाच वर्षं अमेरिकेचा सर्वोत्तम घोडा ठरला. सेक्रेटेरिएटचे हिस्से तो तीन वर्षांचा होण्याच्या सुमारास ६०.८ लाख डॉलरला विकले गेले, आणि करारामुळे त्या वर्षाअखेर त्याला थांबावंच लागलं. २०२२ मध्ये फ्लाइटलाइन थांबला तेव्हा त्याचा अडीच टक्क्यांचा हिस्सा ४६ लाख डॉलरला गेला. एवढ्या किमतीचा घोडा पुन्हा धावपट्टीवर कोण उतरवणार?

फ्लाइटलाइन सहा शर्यती धावला, सहाही जिंकला, सगळ्या मिळून ७१ लांब्यांनी. जागतिक क्रमवारीत त्यालाही १४० मिळाले, म्हणजे फ्रँकेलची बरोबरी. डेल मारच्या पॅसिफिक क्लासिकमध्ये त्याने सव्वाएकोणीस लांब्यांनी मागे टाकलेला कंट्री ग्रामर त्याच वर्षीचा दुबई वर्ल्ड कप विजेता होता, आणि पुढच्या फेब्रुवारीत सौदी कपमध्ये तो दुसरा आला. अखेरच्या ब्रीडर्स कप क्लासिकमध्ये लाइफ इज गुड बराच वेळ पुढे राहून, बेलमाँटच्या शॅमसारखाच वेगाची किंमत मोजून पाचवा आला. साक्षी चांगल्या आहेत. पण प्रत्येकाशी गाठ एकदाच पडली, एका दुपारी, एका अंतरावर. एक्सेलेब्रेशनची पाच वेळा उलटतपासणी झाली होती. म्हणून दोघांचेही १४० मी एका ओळीत लिहिणार नाही. फ्रँकेलचे वर, आणि फ्लाइटलाइनचे दोन-तीन पौंड खाली.